चुलीतला कोळसा आणि जुनं रान: उत्खननातल्या कोळशावरून झाडं कशी ओळखायची

चुलीतलं लाकूड पुरतं जळलं की त्याची राख होते. पण एखादा तुकडा राखेखाली दबला आणि त्याला हवा कमी मिळाली, तर तो कोळसा होऊन उरतो. राखेबरोबर उकिरड्यावर जातो, वर माती चढते. साधं लाकूड वाळवी आणि बुरशी काही वर्षांत संपवतात. कोळशाला खाणारं मातीत जवळजवळ कुणीच नाही. शिवाय लाकडाचा कोळसा होताना पेशींच्या भिंती आपापल्या जागी तशाच राहतात. म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीतला हरभऱ्याएवढा तुकडा आज मोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तो सागाचा की बाभळीचा हे ओळखता येतं.

ज्यांना हे काम स्वतःच्या हातानं करायचं आहे, त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. वनस्पतिशास्त्राचे आणि पुरातत्त्वाचे विद्यार्थी तर आहेतच, पण उत्खननावर हौसेनं राबणारी मंडळीही यात आली. मी हे कोल्हापुरात राहून शिकले, त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील. सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. उत्खननात सापडलेला प्रत्येक कोळसा कुणीतरी निवडून, तोडून किंवा वेचून, डोक्यावरून घरी आणलेल्या लाकडाचा आहे. तो आधी चुलीची हकीकत सांगतो, रानाची त्यानंतर. पुढची सगळी खटपट या दोन हकिकती एकमेकींपासून सोडवण्यासाठी आहे.

कुदळ उचलण्याआधी

पहिली गोष्ट कायद्याची. परवान्याशिवाय पुरातत्त्वीय उत्खनन करता येत नाही. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा त्याबाबत स्पष्ट आहे. शेतात, नदीकाठी जुनी खापरं आणि राखेचा थर दिसला तर जागा टिपून ठेवा, फोटो काढा, पुरातत्त्व विभागाला कळवा. तिथं स्वतः खणू नका. थरातून उपटलेला कोळसा म्हणजे पान फाडून घेतलेली वही. तो कुठल्या थरातला हे एकदा हरवलं की त्याला काही अर्थ उरत नाही.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. ‘इथं कुठली झाडं होती?’ हा प्रश्न फार मोघम आहे. आमच्याकडं पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. तिथं १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. तिथला कांस्याचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची मूर्ती, आज टाउन हॉलच्या संग्रहालयात पाहायला मिळतो. पण ब्रह्मपुरीची भरभराटीची वस्ती सातवाहन काळातली आहे, म्हणजे ऐतिहासिक. तिथं प्रश्न शहराच्या जळणाचा होईल: एवढ्या भट्ट्या आणि चुली कुठल्या रानावर चालत होत्या?

प्रागैतिहासिक काळात शिरायचं तर नजर पुणे जिल्ह्यातल्या, घोड नदीकाठच्या इनामगावाकडं वळवावी लागते. तिथं ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे तीन टप्पे आहेत, साधारण इ. स. पू. १६०० ते ७००. शेवटच्या टप्प्यात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी त्याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. आता प्रश्न धारदार करता येतो: हवा कोरडी होत गेली, तर चुलीतलं लाकूड त्या तीन टप्प्यांत बदललं का? असा प्रश्न हातात असला की नमुने कुठून आणि किती घ्यायचे हे आपोआप ठरतं.

नमुना: कुठला, किती

कोळसा दोन तऱ्हांनी सापडतो. एक चुलीत, भट्टीत, जळालेल्या खांबात एकवटलेला. दुसरा घराच्या जमिनीवर, उकिरड्यात, भरावात विखुरलेला. पहिल्यात फार तर शेवटच्या एक-दोन जाळांचं लाकूड असतं. दुसऱ्यात कित्येक वर्षांच्या चुलींची झाडलोट मिसळलेली असते. रानाचा अंदाज बांधायचा तर मदार विखुरलेल्या कोळशावर ठेवा. चुलीतला कोळसा त्या चुलीचं काम सांगेल. जळालेला खांब घरबांधणीचं सांगेल आणि एकच खांब शेकडो तुकड्यांत फुटून तुमची सगळी मोजणी वाकडी करेल. म्हणून तिन्ही प्रकार वेगळ्या पिशव्यांत, वेगळ्या क्रमांकांनी ठेवा. पुढं कधीही त्यांची बेरीज करू नका.

डोळ्याला दिसणारे मोठे तुकडे तेवढे वेचायचे ही सवय सोडा. मऊ लाकडाचा कोळसा बारीक फुटतो, कठीण लाकडाचा मोठा राहतो. मोठेच वेचले तर कठीण झाडांचं रान तुम्हीच तयार करून बसाल. प्रत्येक संदर्भातून, म्हणजे प्रत्येक वेगळ्या थरातून, खड्ड्यातून, चुलीतून माती मोजून घ्या. दहा लिटर हे कमीत कमी, वीस ते चाळीस लिटर मिळाली तर उत्तम. माती भिजवण्याआधी लिटर लिहून ठेवा. नंतर ते कुणालाच आठवत नाही.

आपल्याकडं एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून मिटते. या उघडझापेत वरचा कोळसा खाली उतरतो आणि आतला चेचला जातो. खड्ड्याच्या भिंतीत भेग दिसली की तिच्या दोन्ही बाजूंची वीतभर माती नमुन्यात घेऊ नका.

काळ काढण्यासाठीचा, म्हणजे कार्बन-१४ मोजणीचा कोळसा याच वेळी बाजूला करा. कागद, कापूस, डिंक यांचा स्पर्श न होऊ देता तो अॅल्युमिनियमच्या पन्नीत बांधा. आता ही मोजणी काही मिलिग्रॅमवर होते, त्यामुळे मोठा तुकडा लागत नाही. पण कुठला तुकडा, हे फार महत्त्वाचं आहे. दोनशे वर्षांच्या सागाच्या गाभ्यातलं लाकूड जाळ लावला त्या दिवसाचं वय सांगणार नाही, ते दोनशे वर्षं जुनं उत्तर देईल. म्हणून आधी जात ओळखा, आणि जमलं तर बारीक फांदीचा तुकडा किंवा जळकं धान्य पाठवा.

बादलीतलं काम

कोळसा पाण्यावर तरंगतो, माती बसते. सगळी युक्ती एवढीच. मोठ्या बादलीत निम्मं पाणी घ्या, त्यात थोडी थोडी माती सोडा, हातानं हलकेच ढवळा आणि वर आलेलं पाणी बारीक जाळीवर ओता. जाळीची छिद्रं पाव मिलिमीटरच्या आसपास हवीत. वर काही येईनासं होईपर्यंत हे करत राहायचं. खाली उरलेला गाळ एक मिलिमीटरच्या जाळीवर धुऊन तोही तपासा, कारण मातीनं जड झालेला कोळसा बुडतो. काळी माती ढेकूळ सोडत नसेल तर ती रात्रभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजत घाला. मात्र काळ काढायचा तुकडा सोड्याच्या पाण्यात जाण्याआधीच पन्नीत गेलेला असला पाहिजे.

मग वाळवणं, आणि इथं मी एकदा पस्तावले आहे. एप्रिलचा महिना होता, घाई होती. धुतलेला कोळसा मी गच्चीवर उन्हात पसरला आणि जेवायला खाली आले. तासाभरानं वर गेले तर अंगठ्याएवढे तुकडे जागच्या जागी चिरफाळून भुगा झाले होते. बाहेरचा भाग झटकन आकसतो, आत पाणी असतं, आणि तुकडा फुटतो. त्या पिशवीतला एकही मोठा तुकडा वाचला नाही. कोळसा नेहमी सावलीत, वर फडकं टाकून, दोन-तीन दिवस सावकाश वाळवा. ओला कोळसा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलात तर त्यावर बुरशी येईल. तेही टाळा.

फाउंड्रीवाल्यांची मदत

कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकात उजेड खालून येतो. कोळशातून उजेड पार होत नाही, म्हणून तो इथं निकामी आहे. उजेड वरून पडणारा आणि पन्नास ते पाचशे पटींपर्यंत मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक लागतो. हे वाचून अनेकजण इथंच थांबतात. पण कोल्हापूरकरांनी थांबायचं कारण नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर भागात फाउंड्र्या आहेत, आणि बिडाच्या ओतकामातलं ग्रॅफाइट तपासायला धातुपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत नेमका हाच सूक्ष्मदर्शक असतो. इंजिनिअरिंग कॉलेजातही हे मिळतं. विचारायला संकोच करू नका. ओतकामाची पारख असलेला माणूस कोळशातली नक्षी पाहून आपल्याइतकाच हरखतो, हा माझा अनुभव आहे.

मोडणं

आता खरं काम. कोळसा कापायचा नाही, मोडायचा. पातं घासलं की पेशी चेंगरतात आणि नुसता काळा चकचकीत पृष्ठभाग दिसतो.

तुकडा हातात घ्या. लाकडाचे तंतू कुठल्या दिशेनं जातात ते आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा. तंतूंना आडवी, कडेनं जेमतेम ओरखड्याएवढी खाच पात्यानं पाडा. मग दोन्ही अंगठे खाचेच्या दोन बाजूंना ठेवून हलकेच दाबा. ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि ताजा आडवा छेद समोर येतो. फुंकर घालून धूळ उडवा, बोट लावू नका. वाटीतल्या बारीक वाळूत तुकडा खोचून छेद सपाट वर येईल असा बसवा. नाकातोंडावर मास्क हवा, ही धूळ फार बारीक असते.

आडव्या छेदात पहिल्यांदा नजरेत भरतात ती छिद्रं, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची तोंडं. ती कशी मांडली आहेत ते पाहा. सागात वर्षाच्या सुरुवातीची मोठी छिद्रं एका ओळीत, वलयाच्या कडेला येतात. मोत्यांची माळ ठेवावी तशी ती ओळ दिसते आणि एकदा पाहिली की विसरत नाही. बाभळीत छिद्रं सगळीकडं विखुरलेली, आणि प्रत्येकाभोवती मऊ पेशींचा वेढा. ऐन आणि किंजळ यांच्यात तो वेढा दोन्ही बाजूंना पंखासारखा पसरतो आणि शेजारच्याला जाऊन मिळतो. वड-उंबराच्या कुळात मऊ पेशींचे रुंद पट्टे आडवे, एकाआड एक. बांबू तर क्षणात ओळखू येतो: वलयं नाहीत, किरण (गाभ्यापासून सालीकडं जाणाऱ्या पेशींच्या रेघा) नाहीत, नुसते विखुरलेले गठ्ठे.

आडव्या छेदावर नाव ठरवायचा मोह होतो. तो आवरा. त्याच तुकड्याचे आणखी दोन उभे छेद काढा. एक गाभ्यापासून सालीकडं जाणारा, दुसरा त्याला काटकोनात, सालीला समांतर. पात्याची धार नुसती टेकवून वर हलका ठोका दिला की कोळसा तंतूंच्या बाजूनं उकलतो. सालीला समांतर छेदात किरणांची रुंदी कळते. ऐन-किंजळीत ते बहुतेक एका पेशीच्या रुंदीचे, बाभळीत अनेक पेशींचे. शिसवीत किरण एका पातळीत, चाळीच्या मजल्यांसारखे ओळीनं रचलेले दिसतात. तिन्ही छेद एकच नाव सांगत असतील तरच ते लिहा.

आणि नाव किती खोलवर लिहायचं, यात प्रामाणिक राहा. ऐन आणि अर्जुन कोळशात वेगळे करणं फार अवघड आहे. बाभूळ आणि हिवर यांचंही तसंच. ‘ऐन-अर्जुन गट’, ‘बाभूळ गट’ असं लिहिण्यात कमीपणा नाही. जे ओळखू येत नाही त्याला ‘अनोळखी १’, ‘अनोळखी २’ असे क्रमांक द्या, चित्र काढा, बाजूला ठेवा.

मोडतानाच आणखी दोन गोष्टी टिपून घ्या. किरण एकमेकांना समांतर असतील तर लाकूड जाड खोडाचं, एका बिंदूकडं वळत असतील तर बारीक फांदीचं. आपल्याकडच्या अनेक झाडांत वार्षिक वलयं नीट दिसत नाहीत, म्हणून किरणांच्या दिशेवर जास्त भिस्त ठेवावी. दुसरं म्हणजे वाहिन्यांत कोळीष्टकासारखे धागे दिसतात का. ते बुरशीचे असतात. तेही जळून कोळसा झालेले असतील, तर लाकूड चुलीत जाण्याआधीच मेलेलं, कुजायला लागलेलं होतं. म्हणजे जिवंत झाड तोडलेलं नाही, पडलेलं लाकूड वेचलेलं आहे. रानाच्या नाशाबद्दल काही म्हणण्याआधी ही नोंद पाहिलीच पाहिजे.

जुळवणीसाठी स्वतःचा संग्रह

इनसाइडवूड नावाचा मोफत ऑनलाइन संग्रह आहे, त्यात जगभरच्या लाकडांची छेदचित्रं मिळतात. पण ती कच्च्या लाकडाची आहेत, आणि कोळसा होताना लाकूड आकसतं, छिद्रं लहान होतात. म्हणून स्वतः जाळलेला संग्रह हवा. झाड वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून नक्की ओळखून घ्या. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिउद्यानात आणि विभागात हे काम होऊ शकतं. अभयारण्यातून काडीही परवानगीशिवाय आणू नका. खोडाचा आणि फांदीचा, दोन्हींचा तुकडा घ्या, वाळवा, पन्नीत गुंडाळा, कोरड्या वाळूनं भरलेल्या लोखंडी डब्यात पुरा. भट्टीत चारशे अंशांच्या आसपास तासभर ठेवा. भट्टी नसेल तर हा डबा अंगणातल्या चुलीच्या निखाऱ्यांत चालतो, पण उघड्यावर, कारण धूर विषारी असतो. डबा पूर्ण गार झाल्याशिवाय उघडलात तर आतला तुकडा पेट घेऊन राख होईल.

आपल्याकडं संग्रह करायला भूगोलच मदत करतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिरोळला सहाशेच्या. दोन्हींत शंभर किलोमीटरचंही अंतर नाही. पश्चिमेला अंजनी, जांभूळ, हिरडा. मध्ये ऐन, किंजळ, नाना. पूर्वेला बाभूळ, हिवर, खैर. नदीकाठी करंज, अर्जुन, उंबर. एवढ्या पट्ट्यातली चाळीस-पन्नास झाडं जमली की कामाला लागता येतं. वेडी बाभूळ, सुबाभूळ, गिरीपुष्प, निलगिरी हीदेखील जाळून ठेवा. ही झाडं बाहेरून अलीकडच्या काळात आली. जुन्या थरात त्यांचा कोळसा निघाला तर त्या नमुन्यात वरची माती मिसळली आहे.

किती तुकडे मोडायचे

चार मिलिमीटरच्या वरचे आणि दोन ते चार मिलिमीटरमधले, दोन्ही गटांतून तुकडे घ्या, हाताला येतील तसे, न निवडता. मोडत जाल तसा एक आलेख ठेवा: आडवं तुकड्यांची संख्या, उभं आतापर्यंत सापडलेल्या जाती. रेघ सपाट होऊ लागली की थांबा. शंभर तुकड्यांवर ती क्वचित सपाट होते. आपल्यासारख्या संमिश्र रानात दोनशे-तीनशेपर्यंत जायची तयारी ठेवा. सरावलेल्या माणसाचेही दिवसाला तीस-चाळीसच होतात, तेव्हा वेळेचा हिशेब आधीच करा.

तुकड्यांची टक्केवारी ही झाडांची टक्केवारी नसते. म्हणून सोबत दुसरा आकडा द्या: किती नमुन्यांत ही जात सापडली. बाभूळ दहापैकी नऊ नमुन्यांत असेल आणि सागाचे दोनशे तुकडे एकाच खड्ड्यात असतील, तर रोजचं जळण बाभूळ होतं आणि साग एखाद्या फुटलेल्या वाशाचा असावा.

आता वाचायचं कसं

गगनबावड्याच्या बाजूला मोळी उतरवून बसलेल्या एका मावशींना मी विचारलं होतं, जळणाला कुठलं लाकूड आणता. त्या म्हणाल्या, “वाळल्यालं, आणि हाताला गावंल त्ये. हिरवं आणून धुरानं डोळं कोण फोडून घेनार, पोरी?” मग थोडं थांबून म्हणाल्या, “पर उंबर न्हाई हं. उंबर दत्ताचा.”

या दोन वाक्यांत आमच्या शास्त्रातला सगळा वाद आहे. एक मत असं की माणूस कमीत कमी कष्टाचं, जवळचं लाकूड आणतो, त्यामुळे चुलीतली झाडं आसपासच्या रानाच्या प्रमाणात असतात. मावशींचं पहिलं वाक्य त्याच्या बाजूचं. दुसरं वाक्य त्याला छेद देतं. नदीकाठी उंबर भरपूर असूनही चुलीत शून्य. आणि होमात उंबराच्या समिधा चालतात, चालतात काय, लागतातच. म्हणजे तेच झाड एका खड्ड्यात असेल आणि शेजारच्या चुलीत नसेल. इनामगावच्या लोकांच्या रूढी आपल्याला आपल्या रूढींवरून कळणार नाहीत. पण एखादं झाड नाही म्हणजे ते रानात नव्हतं, असं म्हणायला आपण धजू नये, एवढं यातून नक्की कळतं.

दुसरा सापळा शेणाचा. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. पंचगंगेच्या स्मशानात दहन शेणींवर होतं आणि होळीला शेणीदान करतात. गुऱ्हाळाचं चुलवाण चिपाडावर चालतं. या दोन्ही जाळांचा लाकडी कोळसा मागं राहत नाही. तेलंगणात उत्नूरसारख्या नवाश्मयुगीन ठिकाणांवर जळालेल्या शेणाची राखेची टेकाडंच आहेत. तेव्हा एखाद्या थरात कोळसा कमी आहे, म्हणजे रान संपलं होतं, असं लगेच लिहू नका. प्रत्येक राखेच्या थरातून चिमूटभर राख वेगळी ठेवा. शेणाच्या राखेत गुरांच्या आतड्यात तयार होणारे चुनखडीचे अतिसूक्ष्म गोलक आणि गवताचे सिलिकाकण सापडतात.

तिसरा सापळा पुराचा, आणि तो मला पूर पाहूनच सुचला. पंचगंगेला पूर येतो तेव्हा पश्चिमेच्या रानातले ओंडके वाहून येतात आणि काठचे लोक ते ओढून घेतात. २०१९ आणि २०२१ साली आपण हे पाहिलंच. शिरोळकडच्या जुन्या चुलीत किंजळ सापडली, तर तिथं किंजळीचं रान होतं असं म्हणण्याआधी नदी मध्ये आहे हे ध्यानात घ्या. अशी झाडं फक्त नदीकाठच्या ठिकाणी सापडतात की नदीपासून लांबच्या ठिकाणीही, हे तपासलं की उलगडा होतो.

आता एक कल्पित उदाहरण घेऊन बघू. खालच्या थरात ३०० तुकड्यांपैकी बाभूळ गट ६०, वरच्या थरात १५०. पहिलं उत्तर सुचतं ते हवा कोरडी झाल्याचं. पण गुरं वाढली तरी काटेरी झाडं वाढतात, कारण बाकीची चरून संपतात. शेतं पडीक पडली तरी बाभूळ पहिली येते. कुंपणाला बाभळीच्या फांद्या वापरू लागले, तर जुनं कुंपण शेवटी चुलीतच जातं. मग फांदीच्या तुकड्यांचं प्रमाण पाहा. ते वाढलं असेल तर कुंपणाकडं बोट जातं. गुरांच्या हाडांची संख्या आणि वयं पाहा. नदीकाठची करंज-अर्जुन कमी झाली का ते पाहा, कारण ओलाव्यातली झाडं तग धरून असतील तर नुसत्या दुष्काळाचं कारण पटत नाही. परागकणांची मदत घ्यावीशी वाटेल, पण कोरड्या, हवा खेळणाऱ्या मातीत ते नीट टिकत नाहीत. इथं भिस्त कोळशावर, बियांवर आणि हाडांवरच.

शेवटी मोडलेला तुकडा टाकून देऊ नका. त्याचे तिन्ही भाग औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये किंवा छोट्या डबीत, थराचा क्रमांक पेन्सिलनं लिहिलेल्या चिठ्ठीसह ठेवा. शाई उडते, पेन्सिल राहते. ‘अनोळखी २’ ची डबी सगळ्यात वर ठेवा. माझ्या ‘अनोळखी २’ ला नाव मिळालं ते तीन वर्षांनी, राधानगरीहून परवानगीनं आणलेल्या अंजनीच्या फांदीचा डबा थंड करून उघडला त्या संध्याकाळी.